दहा लाख प्रेक्षक एकाच वेळी: व्हिडिओ स्ट्रीमिंगसाठी सर्व्हरची आखणी कुठून सुरू करायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आज तुमच्या सेवेवर एका वेळी जास्तीत जास्त २० हजार लोक व्हिडिओ बघतात आणि सगळं एकाच क्लाउडवर चालतं. वर्षभरात काही थेट प्रक्षेपणांना १० लाख लोक एकाच वेळी येतील, अशी तयारी करायची आहे. शिवाय १० हजार तासांचा साठवलेला व्हिडिओ आहे, तो वेगळाच. तर सर्व्हर किती घ्यायचे, किती ताकदीचे, आणि स्वतःचे की भाड्याचे?

सर्व्हरची संख्या हे या गणितात सगळ्यात शेवटी येणारं उत्तर आहे. आधी शोधायचं ते तुमच्या सेवेच्या वर्षातलं सगळ्यात वाईट मिनिट. त्या मिनिटात किती लोक आत येतात, कोण कोणाकडे काय मागतं, आणि नेमकं तेव्हाच काही बंद पडलं तर उरलेल्यावर किती भार येतो, हे कागदावर मांडल्याशिवाय खरेदीची यादी करू नका. सरासरी दिवस कुठलीही यंत्रणा ओढून नेते. मी इतकी वर्षं हे काम करतेय, त्यात त्या वाईट मिनिटाला व्हिडिओ पाठवणारे सर्व्हर कोसळलेले मी फार कमी वेळा पाहिले. कोसळतं ते त्यांच्या आजूबाजूचं. तरीही सुरुवात व्हिडिओपासूनच करू, कारण तो हिशेब सोपा आहे आणि बाकी सगळं त्याच्यावर उभं राहतं.

एका प्रेक्षकाला सेकंदाला सरासरी ४ मेगाबिट जातात असं धरू. प्रेक्षक बहुतेक मोबाइलवर असतील तर हा आकडा निम्म्यावर येऊ शकतो, मोठ्या टीव्हीवर असतील तर दीडपट होऊ शकतो. म्हणून तो माझ्याकडून घेऊ नका, स्वतःच्या लॉगमधून (सर्व्हरच्या नोंदींमधून) काढा. ४ मेगाबिट गुणिले १० लाख म्हणजे सेकंदाला ४ टेराबिट. एक प्रेक्षक तासाभरात १.८ जीबी ओढतो, सगळे मिळून १.८ पेटाबाइट. आता याच्या शेजारी साठवणीचा आकडा ठेवा. समजा वेगवेगळ्या वेगाच्या जोडण्यांसाठी प्रत्येक व्हिडिओच्या पाच प्रती करता: ०.४, ०.८, १.४, २.८ आणि ५ मेगाबिटच्या. बेरीज १०.४ मेगाबिट, म्हणजे एका तासाच्या मजकुराला ४.६८ जीबी. १० हजार तासांना ४६.८ टीबी. तीन ठिकाणी प्रती ठेवल्या तरी १४० टीबीच्या आसपास. म्हणजे तुमचा सगळा संग्रह साठवायला जेवढी जागा लागते, त्याच्या जवळपास तेरापट डेटा तुम्ही एका तासात बाहेर पाठवणार आहात. नवीन मंडळी बैठकीत निम्मा वेळ साठवणीवर घालवतात. तुमची अडचण साठवणीची नाही, वाहतुकीची आहे.

एन्कोडिंगचंही (मूळ व्हिडिओ दाबून या प्रती बनवण्याचंही) तसंच. थेट प्रक्षेपणाच्या एन्कोडिंगचा भार चॅनेलच्या संख्येवर ठरतो, प्रेक्षकांच्या नाही. एक चॅनेल हजार लोकांनी बघितलं काय किंवा दहा लाखांनी बघितलं काय, एन्कोडर तेवढेच लागतात. साठवलेल्या व्हिडिओचं एन्कोडिंग रांगेत लावून स्वस्त, मध्येच काढून घेतल्या जाणाऱ्या मशीनवरही करता येतं. पण एन्कोडिंगच्या दर्जाकडे मात्र क्षमतेचा भाग म्हणूनच बघा. नेटफ्लिक्सने २०१५ साली प्रत्येक शीर्षकासाठी वेगळी बिटरेटची (सेकंदाला जाणाऱ्या बिटची) शिडी, म्हणजे प्रतींचा संच, बनवण्याची पद्धत जाहीर केली. साध्या ॲनिमेशनला आणि धावपळीच्या दृश्यांना एकच बिटरेट देणं म्हणजे एका बाजूला बिट वाया घालवणं आणि दुसऱ्या बाजूला चित्र बिघडवणं. तुमच्या हिशेबात सरासरी १० टक्के बिट वाचले, तर ४०० गिगाबिट वाहतूक कमी झाली. व्हिडिओ दाबण्याच्या पद्धतींपैकी, म्हणजे कोडेकपैकी, एचईव्हीसी २०१३ मध्ये आणि एव्ही१ २०१८ मध्ये आले. दोन्ही २००३ च्या एच.२६४ पेक्षा बरेच काटकसरी आहेत. पण नवा कोडेक आणला तरी जुन्या उपकरणांसाठी एच.२६४ च्या प्रती ठेवाव्याच लागतात. म्हणजे साठवण वाढते, आणि एज सर्व्हरच्या (प्रेक्षकाजवळच्या, त्याला व्हिडिओ पाठवणाऱ्या सर्व्हरच्या) कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) एकाच दृश्याच्या दुप्पट फाइल जागा मागतात. थेट प्रक्षेपणाला पहिल्या वर्षी तरी मी एच.२६४ वरच राहिले असते.

आता ते ४ टेराबिट बाहेर कुठून पडणार? एका जागेवरून नाही. तुमच्याकडे कितीही सर्व्हर असले तरी प्रेक्षक ज्या इंटरनेट कंपन्यांच्या नेटवर्कवर आहेत, तिथपर्यंतच्या जोडण्यांची रुंदी ठरलेली असते. समजा ३० टक्के प्रेक्षक एकाच कंपनीचे ग्राहक आहेत, तर तिच्या दारात तुम्ही १.२ टेराबिट नेऊन ओतणार. ते दार ४०० गिगाबिटचं असेल तर तुमचे सर्व्हर निवांत बसतील आणि प्रेक्षकाच्या पडद्यावर गोल चक्र फिरत राहील. तुमच्या आलेखांत सगळं हिरवं, आणि तक्रारींचा पाऊस. याच कारणासाठी नेटफ्लिक्सने २०११ पासून स्वतःचं ओपन कनेक्ट नेटवर्क उभं करायला घेतलं. त्यात ते आपले सर्व्हर थेट इंटरनेट कंपन्यांच्या इमारतीत नेऊन ठेवतात आणि ज्या वेळी वाहतूक कमी असते त्या वेळी त्यात नवा मजकूर भरून घेतात. तुम्हाला तसं करायची गरज नाही. पण ज्या सीडीएनशी (ठिकठिकाणी सर्व्हरचं जाळं ठेवून मजकूर पोचवणाऱ्या कंपनीशी) करार कराल, तिला हा एक प्रश्न लेखी विचारा: या या नेटवर्कसाठी, या वेळेला, आमच्यासाठी किती गिगाबिट राखून ठेवता? एकूण क्षमता शेकडो टेराबिट आहे हे उत्तर पुरेसं नाही. जोडणी वाढवायला महिने लागतात, त्यामुळे हे संभाषण मोठ्या कार्यक्रमाच्या किमान तीन-चार महिने आधी सुरू व्हायला हवं.

सीडीएन भाड्याचं असो वा स्वतःचं, एका एज सर्व्हरकडून काय अपेक्षा ठेवायची हे कळायला हवं. १०० गिगाबिटचं नेटवर्क कार्ड असलेल्या सर्व्हरकडून मी आखणीत ७० गिगाबिटच धरते. उरलेले ३० हातचे राखलेले. ७० गिगाबिट म्हणजे सेकंदाला ८.७५ जीबी वाचून, एन्क्रिप्ट करून बाहेर टाकायचे. फिरत्या हार्ड डिस्कचं हे काम नव्हे. हजारो प्रेक्षक हजार वेगवेगळ्या जागी वाचत असतात, आणि तिचा बराचसा वेळ डोकं इकडून तिकडे हलवण्यातच जातो. इथे एनव्हीएमई (फिरता भाग नसलेल्या, वेगवान) डिस्क लागतात, त्याही एकापेक्षा जास्त. प्रोसेसरचे कोअर मोजण्याआधी मेमरीची बँडविड्थ बघा. साधा वेब सर्व्हर डेटा डिस्कवरून कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात), तिथून प्रोग्रॅममध्ये, एन्क्रिप्ट करून पुन्हा कर्नलमध्ये असा हलवतो, आणि प्रत्येक हलवाहलवीला मेमरीची वाट अडते. टीएलएस (जोडणीचं एन्क्रिप्शन) कर्नलमध्येच करण्याची सोय लिनक्समध्ये २०१७ साली, ४.१३ आवृत्तीत आली. काही नेटवर्क कार्डं तर एन्क्रिप्शन स्वतःवरच घेतात. नेटफ्लिक्सने फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम आणि एनजिनएक्स हा वेब सर्व्हर वापरून हीच वाट धरून २०२१ मध्ये एका सर्व्हरवरून ४०० गिगाबिट पाठवून दाखवले. ते टोक झालं. ७० गिगाबिटसाठी नेहमीचं चांगलं हार्डवेअर पुरतं, फक्त सेटिंग नीट हवीत.

४,००० भागिले ७० म्हणजे ५८ सर्व्हर. हा आकडा कोणी तुम्हाला अंतिम म्हणून दिला तर तो घेऊ नका. समजा चार जागा आहेत. त्यातली एक जागा त्या वाईट मिनिटाला गेली, तर उरलेल्या तिघींनी ४ टेराबिट उचलायचे. प्रत्येकीवर १.३३ टेराबिट, म्हणजे २० सर्व्हर, आणि प्रत्येक ठिकाणी बिघाडासाठी दोन जादा. चार गुणिले बावीस म्हणजे ८८. या ८८ पैकी तीस सर्व्हर एरवी रिकामे दिसतात, आणि ते कापण्याचा मोह हिशेब बघणाऱ्यांना दर तिमाहीला होतो. तेव्हा त्यांना हाच भागाकार दाखवा. जागा जास्त असतील तर राखीव भाग कमी लागतो: आठ जागांपैकी एक गेली तर बाकीच्यांवर फक्त सातवा हिस्सा भार वाढतो.

यानंतरची गोष्ट कॅशची. इथे आकडे फसवे असतात. एज सर्व्हर ९९ टक्के मागण्या स्वतःच भागवत असतील तर ओरिजिनवर (मूळ फाइल जिथे असतात त्या सर्व्हरवर) ४० गिगाबिट येतात. तेच प्रमाण ९५ वर आलं तर २०० गिगाबिट. वरच्या आलेखात ९९ वरून ९५ म्हणजे रेघ जराशी झुकल्यासारखी दिसते, खाली ओरिजिनवर भार पाचपट झालेला असतो. म्हणून मी कधीच किती मागण्या कॅशमधून भागल्या हे बघत नाही, किती चुकल्या हे बघते.

हे मी एकदा फार जवळून पाहिलं आहे. एक थेट प्रक्षेपण सुरू होऊन दहा मिनिटं झाली होती. प्रेक्षक अपेक्षेपेक्षा कमी होते, तरी ओरिजिनची नेटवर्क लिंक भरत चालली होती. सगळे ओरिजिनचे लॉग चाळत होते, मी एका एज सर्व्हरचा लॉग उघडला. ओळीमागून ओळ, सेगमेंटचं (व्हिडिओच्या काही सेकंदांच्या तुकड्याचं) नाव तेच. तोच क्रमांक, तीच ७२० ची प्रत. पण पत्त्यात प्रश्नचिन्हानंतरचं टोकन (परवानगीचा संकेत) प्रत्येक ओळीत वेगळं, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी कॅश चुकल्याची नोंद. आदल्या आठवड्यात कोणीतरी चोरी रोखण्यासाठी प्रत्येक प्रेक्षकाला वेगळं टोकन द्यायला सुरुवात केली होती, आणि कॅशची किल्ली, म्हणजे कॅश ज्या नावाने फाइल ओळखते ते, पूर्ण पत्त्यावरून बनत होती. सर्व्हरच्या दृष्टीने प्रत्येक प्रेक्षक वेगळी फाइल मागत होता. दुरुस्ती एका ओळीची होती: टोकन तपासायचं, पण किल्लीत धरायचं नाही. ती ओळ चढवून ओरिजिनचा आलेख खाली येईपर्यंतची दोन-तीन मिनिटं मला अजून आठवतात. आदल्या दिवशीच्या लोड टेस्टमध्ये हे दिसलं नव्हतं, कारण टेस्टमधले सगळे खोटे प्रेक्षक एकच टोकन वापरत होते.

थेट प्रक्षेपणात सगळं नीट लावलं असेल तर ओरिजिनचं काम आश्चर्य वाटावं इतकं हलकं असतं. ८८ एज सर्व्हरपैकी प्रत्येकाने प्रत्येक सेगमेंट एकदाच नेला, तर ८८ गुणिले १०.४ मेगाबिट, म्हणजे १ गिगाबिटपेक्षाही कमी. मध्ये शील्डचा (एज आणि ओरिजिन यांच्यामधल्या कॅशचा) एक थर ठेवून प्रत्येक जागेसाठी एकदाच नेला, तर ४२ मेगाबिट. दहा लाख प्रेक्षक, आणि ओरिजिनवर एवढंच. पण ही “एकदाच”ची अट आपोआप पाळली जात नाही. नवा सेगमेंट तयार झाला की त्याच क्षणी हजारो प्लेअर तो मागतात. पहिली मागणी ओरिजिनकडे गेलेली असताना बाकीच्यांना थांबवून ठेवावं लागतं. व्हार्निश हे कॅशचं सॉफ्टवेअर ते काम मुळातच करतं. एनजिनएक्समध्ये प्रॉक्सी कॅश लॉक ही सेटिंग त्यासाठीच आहे, पण ती आधीपासून चालू नसते. ती चालू आहे ना, हे आजच बघा. आणखी एक बारीक गोष्ट: काही प्लेअर सेगमेंट तयार व्हायच्या आधीच तो मागतात आणि त्यांना ४०४ (फाइल सापडली नाही, हे उत्तर) मिळतो. हा ४०४ एक सेकंद कॅश करा. अजिबात केला नाही तर तो भार थेट ओरिजिनवर जातो, आणि दहा सेकंद केला तर सेगमेंट तयार असूनही प्रेक्षकाला मिळत नाही.

सेगमेंट किती सेकंदांचा असावा यावर वाद होतात. ॲपलने २००९ मध्ये एचएलएस (व्हिडिओ सेगमेंटमध्ये पाठवण्याची पद्धत) आणलं तेव्हा १० सेकंदांचे सेगमेंट सुचवले होते, पुढे ते ६ सेकंदांवर आणले. प्लेअरने थेट टोकापासून साधारण तीन सेगमेंट मागे राहायचं असतं. त्यामुळे ६ सेकंदांच्या सेगमेंटला प्रेक्षक प्रत्यक्ष घटनेच्या वीस-तीस सेकंद मागे असतो. ते कमी करायला सेगमेंट लहान केले की मागण्या वाढतात. ४ सेकंदांच्या सेगमेंटला प्रत्येक प्लेअर दर चार सेकंदांनी चित्राचा एक सेगमेंट, आवाजाचा एक, आणि दोन्हींच्या प्लेलिस्ट (सेगमेंटच्या याद्या) मागतो. म्हणजे माणशी सेकंदाला एक मागणी, एकूण सेकंदाला १० लाख. २ सेकंदांवर गेलात की २० लाख. बिट तेवढेच, पण मागण्या दुप्पट, आणि चूक सावरायला प्लेअरच्या हातातला वेळ निम्मा. तुमच्या प्रेक्षकांना शेजारच्या पडद्याच्या आधी निकाल कळायलाच हवा असेल तरच कमी विलंबाच्या मागे लागा. पहिल्या मोठ्या कार्यक्रमासाठी माझं मत ४ किंवा ६ सेकंद. सेगमेंट सीएमएएफ पद्धतीने बनवा, म्हणजे एचएलएस आणि डॅश (तशीच दुसरी पद्धत) दोघांना तीच फाइल चालते आणि कॅश दुभंगत नाही.

पहिल्या, म्हणजे कॅमेऱ्यापासून ओरिजिनपर्यंतच्या टप्प्याबद्दल थोडक्यात: दोन एन्कोडर, दोन वेगळ्या वीजजोडण्या, दोन वेगळ्या वाटांनी जाणाऱ्या लाइन. वेगळ्या कंपन्यांच्या लाइन घेतल्या म्हणजे वाटा वेगळ्या झाल्या असं नसतं. दोन्ही फायबर एकाच चरातून गेलेले असू शकतात. दोन्ही एन्कोडरचे कीफ्रेम (जिथून पूर्ण चित्र नव्याने सुरू होतं त्या जागा) आणि वेळेचे शिक्के जुळलेले हवेत, नाहीतर एकावरून दुसऱ्यावर जाताना प्लेअर अडकतो.

साठवलेल्या व्हिडिओसाठी गणित वेगळं. ४६.८ टीबी एका सर्व्हरवर मावायला जड, पण एका जागेवरच्या २२ सर्व्हरमध्ये प्रत्येकी ८ टीबी एनव्हीएमई असली तरी १७६ टीबी होतात. कोणती फाइल कोणत्या सर्व्हरवर जायची हे कन्सिस्टंट हॅशिंगने ठरवलं, तर प्रत्येक जागेवर पूर्ण संग्रह राहतो आणि ओरिजिनकडे जायची वेळच फारशी येत नाही. फक्त एक काळजी: पूर्ण शीर्षक एकाच सर्व्हरकडे बांधलं आणि तेच शीर्षक अचानक लोकप्रिय झालं, तर एक सर्व्हर धापा टाकतो आणि एकवीस मोकळे राहतात. लोकप्रिय शीर्षकं ओळखून ती तीन-चार सर्व्हरवर पसरवण्याची सोय ठेवा.

आणि आता जिथे खरोखर घोडं पेंड खातं तिथे येऊ. व्हिडिओ सुरू होण्याआधी प्रेक्षक काय काय करतो ते मोजलंय का? ॲप उघडतो, लॉगिन तपासलं जातं, मुखपृष्ठ येतं, हक्क तपासले जातात, डीआरएमचं (नक्कल रोखणाऱ्या कुलुपाचं) लायसन्स घेतलं जातं, कुठे थांबलो होतो ते विचारलं जातं, जाहिराती मागवल्या जातात. समजा अशा १५ मागण्या होतात. १० लाख लोक पाच मिनिटांत आले, तर सरासरी सेकंदाला ३,३३३ जण. पण ते सारख्या गतीने येत नाहीत. शिखर तिप्पट धरा, म्हणजे सेकंदाला १० हजार जण, दीड लाख एपीआय मागण्या (ॲपने सर्व्हरला केलेल्या विचारणा). यातली एकही सीडीएनच्या कॅशमधून आयती मिळत नाही, प्रत्येकीमागे कुठलातरी डेटाबेस उभा आहे. व्हिडिओचे बाइट हे निर्जीव फाइल पाठवण्याचं काम, सर्व्हर वाढवले की भागतं. डेटाबेसला असं दुपटीने वाढवता येत नाही.

आणि लोक फक्त सुरुवातीलाच आत येत नाहीत. सामन्यात आवडता खेळाडू बाद झाला, कार्यक्रमात मध्यंतर झालं, की लाखो लोक एकाच वेळी मागे जायचं बटण दाबतात आणि मुखपृष्ठावर येतात. त्या क्षणी व्हिडिओची वाहतूक खाली जाते आणि मुखपृष्ठाचा भार वर उसळतो. नेहमीच्या ऑटोस्केलिंगला (भारानुसार सर्व्हर आपोआप वाढवणाऱ्या-घटवणाऱ्या सोयीला) वाटतं गर्दी ओसरली, ते व्हिडिओच्या बाजूचे सर्व्हर काढायला लागतं, आणि मध्यंतर संपलं की सगळे परत येतात. म्हणून मोठ्या थेट कार्यक्रमाच्या काळात ऑटोस्केलिंगने सर्व्हर कमी करणं मी सरळ बंद ठेवते. वाढवण्यासाठीही त्याच्यावर विसंबू नका. नवं मशीन उठून, तयार होऊन कामाला लागायला मिनिटं लागतात, आणि गर्दी सेकंदांत येते. २०२३ च्या क्रिकेट विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला डिस्ने प्लस हॉटस्टारवर एका वेळी ५.९ कोटी प्रेक्षक होते. तिथल्या अभियंत्यांनी जाहीर व्याख्यानांत हेच सांगितलंय की ते क्लाउडच्या तयार ऑटोस्केलिंगवर न राहता प्रेक्षकसंख्येच्या टप्प्यांनुसार क्षमता आधीच चढवून ठेवायचे. क्लाउडवर असाल तर आणखी एक तपासा: तुमच्या खात्यावर त्या प्रकारच्या मशीनची मर्यादा किती आहे, आणि त्या भागात त्या दिवशी तेवढी मशीन शिल्लक असतील का. मर्यादा वाढवून मिळणं आणि मशीन मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीसाठी आगाऊ आरक्षण करावं लागतं.

पुन्हा प्रयत्न करण्याचा नियम प्लेअर आणि ॲप बनवणाऱ्यांसोबत बसून ठरवा. सर्व्हर दहा सेकंद अडखळला आणि प्रत्येक ॲप दर सेकंदाला पुन्हा विचारू लागलं, तर सर्व्हर उठतो तेव्हा त्याच्या दारात दहापट गर्दी उभी असते, आणि तो पुन्हा पडतो. प्रत्येक प्रयत्नामागे थांबण्याचा वेळ दुप्पट करा, आणि त्यात प्रत्येक उपकरणासाठी वेगळा यादृच्छिक अंश मिसळा, म्हणजे सगळे एकाच ठोक्याला परत येणार नाहीत. हा बदल ॲपमधला आहे. लोकांनी ॲप अपडेट करायला आठवडे जातात, म्हणून तो सर्व्हर घेण्याच्याही आधी सुरू करा.

काय सोडून द्यायचं हेही आधी ठरवा. शिफारशी, पाहण्याचा इतिहास, प्रतिक्रिया, मुखपृष्ठावरची व्यक्तिगत मांडणी, या प्रत्येकाला बंद करायचं एकेक बटण हवं, आणि बंद असताना ॲप कोलमडत नाही ना, हे तपासलेलं हवं. हक्क तपासणारी सेवा पडली तर प्रेक्षकाला आत सोडायचं की बाहेर ठेवायचं? मी सोडते. तो काही मिनिटं फुकट बघेल, पण ज्याने पैसे भरलेत त्याला दारात अडवणं जास्त वाईट. हा निर्णय मात्र व्यवसायाच्या प्रमुखांकडून आधी घेऊन ठेवा, मध्यरात्री अभियंत्याच्या गळ्यात टाकू नका. सगळ्यात मोठं बटण बिटरेटचं. सगळ्यात वरची प्रत प्लेलिस्टमधून काढली की वाहतूक झटक्यात उतरते. मार्च २०२० मध्ये युरोपमध्ये सगळे घरी बसलेले असताना नेटफ्लिक्सने बिटरेट उतरवून वाहतूक सुमारे २५ टक्क्यांनी कमी केली होती. चित्र थोडं मऊ दिसलं, पण सुरू राहिलं. तुमच्याही हाताशी ही सोय असावी, आणि ती नेटवर्कनिहाय असावी. एका इंटरनेट कंपनीचं दार भरलं म्हणून सगळ्यांचं चित्र उतरवायला नको.

सीडीएन किमान दोन ठेवा. पण दोन करार केले म्हणजे काम झालं असं नाही. एकीकडून दुसरीकडे लोकांना वळवायचं कसं? डीएनएसने (नावावरून सर्व्हरचा पत्ता देणाऱ्या यंत्रणेने) वळवलं तर काही रिझॉल्व्हर (प्रेक्षकासाठी तो पत्ता शोधणारे सर्व्हर) टीटीएल (पत्ता किती वेळ धरून ठेवायचा ती मुदत) पाळत नाहीत, आणि बराच भार जुन्याच जागी रेंगाळतो. प्लेअरला दोन्ही पत्ते आधीच देऊन, अडचण आली की त्यानेच वळायचं, हे जास्त भरवशाचं. एचएलएसमध्ये २०२१ पासून त्यासाठी कंटेंट स्टीअरिंगची सोय आहे. आणि दुसऱ्या सीडीएनला नेहमी २०-३० टक्के वाहतूक द्या. जिची कॅश थंड आहे तिच्यावर अचानक पाच लाख लोक सोडले, तर ते सगळे ओरिजिनवर येऊन आदळतात.

स्वतःचे की भाड्याचे? वर्षात चार-पाच मोठे कार्यक्रम आणि एरवी २०-३० हजार प्रेक्षक, असं असेल तर ८८ सर्व्हर विकत घेऊन वर्षभर उभे करू नका. शिखर भाड्याच्या सीडीएनवर टाका, ओरिजिन आणि शील्ड मात्र स्वतःच्या ताब्यात ठेवा. रोजची वाहतूक स्थिर आणि मोठी झाली की स्वतःच्या एजचा विचार करा. तेव्हा बँडविड्थच्या बिलाची एक गंमत कामाला येते. घाऊक जोडण्यांचं बिल बहुधा ९५ व्या शतमानावर असतं: महिन्याभरात दर पाच मिनिटांनी नोंद घेतात, ३० दिवसांत अशा ८,६४० नोंदी होतात, त्यातल्या सर्वांत मोठ्या ४३२ सोडून देऊन पुढची नोंद बिलाला धरतात. ४३२ नोंदी म्हणजे ३६ तास. महिन्यात तुमचे थेट कार्यक्रम मिळून ३६ तासांच्या आत असतील, तर त्या शिखरांचा बिलावर परिणामच होत नाही. पण ३७ तास झाले की बिल त्या शिखरावर जाऊन बसतं. उलट, सीडीएन आणि क्लाउड बहुतेकदा प्रत्येक जीबीला आकारतात, तिथे हा फायदा नाही. वेळापत्रक ठरवणाऱ्यांना हे सांगून ठेवा.

लोड टेस्ट खरी करा. प्रत्येक खोट्या प्रेक्षकाला वेगळं टोकन, खरं टीएलएस, वेगवेगळ्या गतीची जोडणी, आणि लॉगिनपासून लायसन्सपर्यंतचा पूर्ण प्रवास. मधेच एक पूर्ण जागा मुद्दाम बंद करा. कार्यक्रमाच्या दिवशी सर्व्हरचे आलेख दुसऱ्या पडद्यावर ठेवा. पहिल्या पडद्यावर प्लेअरकडून येणारे आकडे हवेत: व्हिडिओ सुरू व्हायला किती वेळ, बघण्याच्या वेळेपैकी किती टक्के वेळ अडकला, किती जण सुरू न होताच निघून गेले. सगळे आकडे इंटरनेट कंपनी, शहर आणि उपकरणाच्या प्रकारानुसार फोडून. एका जातीच्या टीव्हीवर काहीच चालत नसलं तरी एकूण सरासरी छान दिसू शकते.

आता तुमच्याकडून मला तीन गोष्टी हव्यात. तुमच्या आजवरच्या सर्वांत मोठ्या कार्यक्रमात प्रेक्षक कोणत्या नेटवर्कवरून किती टक्के आले. प्रत्येक प्रकारच्या उपकरणाला प्रत्यक्षात सरासरी किती बिटरेट गेला. आणि पहिल्या दहा मिनिटांत दर सेकंदाला किती जण आत आले, तो आलेख. मी वर धरलेले ४ मेगाबिट, ३० टक्के आणि तिप्पट शिखर हे तिन्ही अंदाज या तीन आकड्यांनी बदलून टाका आणि ८८ चा भागाकार पुन्हा करा. तुमच्या लॉगमध्ये हे आत्ता मिळत नसेल, तर पुढच्या लहान कार्यक्रमापासून नोंद सुरू करा. २० हजार प्रेक्षकांचा आलेखही पुरेसा बोलका असतो.